मे आय कम इन म्हणायच्या आधी

किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही. ते साचतात. कुलरखाली ठेवलेल्या टबात थेंब थेंब पाणी साचतं आणि एक दिवस कुणाचा तरी पाय लागून सगळं फरशीवर सांडतं, तसं. आमच्या चौघांचं तेच झालंय. भेटलो की पहिली दहा मिनिटं शहाण्यासारखं बोलतो. मग कुणीतरी म्हणतं, "ते टायचं सांग की!" आणि संपलं. चहा तसाच गार होतो.

चौघं म्हणजे मी सुवर्णा, मोहोळजवळच्या खेड्यातली, बी.कॉम. रेश्मा सोलापूर शहरातलीच, बी.एस्सी. बसवराज, म्हणजे आमचा बसू, अक्कलकोटकडचा, मेकॅनिकलचा डिप्लोमावाला. आणि श्रीनिवास, म्हणजे श्रीनू, सोलापूरच्याच पूर्व भागातला, बीसीए. डिग्र्या चार, कॉलेजं चार, भीती मात्र एकच! शिक्षण संपलं होतं, आता मुलाखती द्यायच्या होत्या, आणि मुलाखतीत नेमकं करायचं काय असतं ते चौघांपैकी एकालाही माहीत नव्हतं.

सोलापुरातल्या सात रस्ता चौकापासून जरा आत एका अभ्यासिकेत आम्ही शेजारी शेजारी बसायचो. तिथंच ओळख झाली. आज चौघंही नोकरीला आहोत. कसे लागलो, ते मात्र अजून नीट कळलेलं नाही.

*

अभ्यासिका चालवायचे काका. सरकारी कचेरीतून रिटायर झालेले. आमची तोंडं बघून त्यांना दया आली असावी. म्हणाले, "रविवारी सकाळी या. मी तुमची मॉक घेतो."

काकांनी टेबल मांडलं, त्यावर पाण्याचा ग्लास, शाळेत असते तसली टिंग वाजणारी घंटी. एकेकाला दाराबाहेर उभं करायचं, घंटी वाजली की आत. चूक झाली की परत बाहेर!

"खुर्ची ओढू नका, उचला! पाय हलवू नका! साहेबाच्या डोळ्यात बघा!"

मी म्हटलं, "काका, डोळ्यात बघितलं की मला सगळं विसरायला होतं."

"मग दोन भुवयांच्या मधोमध बघायचं. साहेबाला वाटतं डोळ्यात बघतेय, आणि तुला भीती वाटत नाही."

मी इतकं मन लावून मधोमध बघितलं, की दोन मिनिटांनी काकाच उठले आणि आरशापाशी जाऊन कपाळ पुसून आले.

असे चार रविवार गेले. आम्हाला वाटलं, या माणसानं आयुष्यात शंभरेक मुलाखती दिल्या असणार. शेवटी रेश्मानं विचारलं, "काका, तुमची पहिली मुलाखत कशी झाली होती?"

"माझी? मी कुठं दिली? वडील नोकरीत असतानाच गेले. मी अनुकंपावर लागलो."

बसू हळूच म्हणाला, "मंजे कुणी काहीच नाही विचारलं?"

"विचारलं की. साहेबांनी एकच विचारलं, जेवलास का?"

काकांनी पाण्याचा ग्लास जरा बाजूला सरकवला. मग त्यांनी घंटीवर हात मारला.

"नेक्स्ट!"

*

श्रीनूचा प्रॉब्लेम वेगळा होता. त्याच्या घरी खाली टॉवेलचे माग आणि वर राहायला. दिवसभर खडखडाट. त्यामुळं त्यांच्या घरात सगळेच मागाच्या वर आवाज चढवून बोलतात. आम्ही पहिल्यांदा जेवायला गेलो तेव्हा त्याच्या आईनं मला तेलुगूत काहीतरी इतक्या जोरात म्हटलं, की मी ताट खाली ठेवलं. मला वाटलं माझं काहीतरी चुकलं. त्या म्हणत होत्या, "अजून घे गं, लाजू नको!"

अभ्यासिकेत श्रीनू "पेन आहे का?" म्हणाला की अख्खा हॉल आपापली पेनं चाचपायचा.

काकांनी त्याला महिनाभर हळू बोलायला शिकवलं. आणि पहिल्याच मुलाखतीत तो इतका हळू बोलला, की साहेब टेबलावर वाकले.

"काय म्हणालात? जरा मोठ्यानं."

श्रीनूला काय करावं कळेना. महिनाभर मोठ्यानं बोलू नको, आता साहेबच म्हणतात मोठ्यानं बोल! तो गोंधळला आणि घरच्या आवाजात सुरू झाला. नाव, गाव, शिक्षण, डेटाबेस म्हणजे काय, नेटवर्क बंद पडलं तर आधी काय तपासणार, सगळं! शेजारच्या केबिनमधले दोघं धावत आले. साहेबांनी हातानंच खुणावलं, भांडण नाही, इंटरव्ह्यू चाललाय.

अर्ध्या तासानं श्रीनू घामानं भिजून बाहेर आला. बाकावर एक मुलगी नंबर लागायची वाट बघत होती. ती उठून उभी राहिली.

"थँक्यू हां," ती म्हणाली. "सगळं लिहून घेतलंय. फक्त तिसरं उत्तर परत सांगता का? त्याच वेळी बाहेर ट्रक गेला."

श्रीनूनं सांगितलं. तिची निवड झाली!

*

आता टायचं.

बसूला एका कंपनीतनं बोलावणं आलं आणि पत्रात लिहिलं होतं, 'फॉर्मल ड्रेस'. चौघांपैकी टाय बांधता कुणालाच येत नव्हता. मोबाइलवर बघून प्रयत्न केला, तर गाठ झाली, पण ती सुटेना. बसूचा चेहरा लाल व्हायला लागला तेव्हा रेश्मानं कात्री आणली. टाय गेला.

बसू राहायचा त्या गल्लीत रोज टाय बांधणारा माणूस एकच होता. लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारा. बसू त्याच्याकडं गेला.

"कशाला पायजे? लगीन हाय व्हय?"

"नाही मामा, इंटरव्ह्यू."

मामा भला माणूस. त्यानं स्वतःचाच टाय काढून बसूच्या गळ्यात घातला. लाल चकचकीत, कडेला सोनेरी पट्टी. वर बजावलं, "आता सोडू नको. सैल करायचा आन डोक्यातनं काढायचा."

कंपनीच्या शेजारी मंगल कार्यालय होतं. बसू अर्धा तास आधी पोचला आणि गेटपाशी उभा राहून उत्तरं पाठ करायला लागला. तेवढ्यात फेटा बांधलेले एक गृहस्थ तरातरा त्याच्याकडं आले.

"अहो, तुम्ही एकटेच? बाकीचे कुठं आहेत? नवरदेव घोड्यावर बसला की!"

बसू इतका घाबरलेला होता, की तो म्हणाला, "येतायत मागनं!"

*

रेश्मा आमच्यात सगळ्यात धीट. निदान दाखवायची तरी तसं. "कायको डरते रे तुम लोगां? खाते क्या वो?" असं आम्हाला म्हणायची, आणि स्वतः मुलाखतीच्या आदल्या दिवशी जेवायची नाही.

एका लॅबमध्ये तिला बोलावलं होतं. तिनं कुठल्याशा व्हिडिओत बघितलं होतं की तुमचा दोष काय असं विचारतात, आणि तेव्हा असं काहीतरी सांगायचं जे दोष वाटेल पण असेल गुण. उदाहरणार्थ, मी फार परफेक्शनिस्ट आहे. तिनं ते वाक्य शंभर वेळा घोकलं. सिटी बसमध्येसुद्धा ओठ हलत होते. शेजारच्या बाईंना वाटलं, पोरगी दुवा मागतेय. त्यांनी उठून तिला खिडकीची जागा दिली.

लॅबचे डॉक्टर वयस्कर होते आणि सकाळपासून मुलाखती घेऊन पार वैतागले होते. त्यांनी विचारलं, "तुमचा एखादा दोष सांगा."

"सर, मी फार परफेक्शनिस्ट आहे."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"बाळ, तू आजची अकरावी परफेक्शनिस्ट. अकरा जण या दारातनं आत आले. एकालाही ते नीट लावता आलं नाही."

रेश्मानं मागं वळून बघितलं. दार बोटभर उघडं होतं आणि वाऱ्यानं कुरकुरत होतं. पुढचं काहीच पाठ केलेलं नव्हतं! ती सांगते, डोकं एकदम रिकामं झालं, म्हणून ती उठून दाराकडं गेली. तिला खरं तर निघूनच जायचं होतं. पण दाराला हात लावला आणि लक्षात आलं, की हे आपल्या घरच्या न्हाणीच्या दारासारखंच आहे. तिनं कडी धरून दार जरा वर उचललं आणि ढकललं. खट्! बसलं.

"सर, बिजागरी ढिली आहे. उचलून लावायला लागतं."

डॉक्टरांनी चष्मा परत घातला आणि त्या बंद दाराकडं बघितलं.

"सहा वर्षं झाली," ते म्हणाले. "मला वाटायचं चौकट फुगलीय. कधीपासून येतेस?"

रेश्माला वाटलं, दार दुरुस्त करायला कधीपासून येतेस असं विचारतायत. ती म्हणाली, "सर, स्क्रू ड्रायव्हर असेल तर आत्ताच करते!"

*

बसूचं घर कानडी, शाळा मराठी आणि डिप्लोमा इंग्रजी. तो म्हणायचा, "तुम्ही एका भाषेत घाबरता. मी तीन भाषांत घाबरतो."

त्याला मी एक युक्ती सांगितली होती. छातीत धडधडलं की चार आकडे मोजत श्वास आत घ्यायचा, चार आकडे धरून ठेवायचा, चार आकड्यांत सोडायचा. बसूनं आठवडाभर सराव केला. अभ्यासिकेत त्याच्या समोर बसलं की भाता चालल्यासारखं वाटायचं.

मुलाखतीला समोर तिघं होते. पहिला प्रश्न आला, "लेथ मशीनबद्दल सांगा." बसूनं लोखंड कातायच्या त्या लेथवर दोन वर्षं काढली होती, पण त्या क्षणी त्याला लेथ म्हणजे काय तेच आठवेना. त्यानं डोळे मिटले आणि श्वास घ्यायला सुरुवात केली.

एक मिनिट गेलं. साहेब एकमेकांकडं बघायला लागले. एकानं पाण्याची बाटली पुढं सरकवली. "याला काय होतंय का?"

बसूला वाटत होतं तो मनातल्या मनात मोजतोय. पण आवाज बाहेर येत होता, आणि तोही कानडीत.

"ओंदु… एरडु… मूरु…"

आणि तिथं बसू अडकला. चार येईना! पुन्हा पहिल्यापासून. "ओंदु… एरडु… मूरु…"

कोपऱ्यात बसलेल्या सगळ्यात कडक दिसणाऱ्या साहेबांनी हातातली फाइल खाली ठेवली आणि हळूच म्हणाले,

"नाल्कु."

बसूनं डोळे उघडले. ते साहेब विजापूरकडचे निघाले. पुढचा अर्धा तास दोघं कानडीत बोलत होते, गावाबद्दल, ज्वारीबद्दल, घरी कोण कोण आहे त्याबद्दल. बाकीच्या दोघांना एक अक्षर कळलं नाही. शेवटी त्यातल्या एकानं विचारलं, "मग? टेक्निकल कसा आहे?"

साहेब म्हणाले, "उत्तम!"

बसू अजून शपथेवर सांगतो, की लेथचा विषय परत निघालाच नाही.

*

माझी पहिली मुलाखत ऑनलाइन होती, म्हणून मी गावी गेले. घरात वातावरण तंग. वडिलांनी सांगून ठेवलं होतं, "दिवाळीपर्यंत लागली नोकरी तर बरं, न्हायतर वैरागचं स्थळ बघून घेऊ." स्थळ चांगलं होतं म्हणे. मला बघायचंच नव्हतं. त्यामुळं माझ्यासाठी ती नुसती मुलाखत नव्हती. पाय लटपटत होते, म्हणून मी ते खुर्चीच्या पायाला ओढणीनं बांधून टाकले.

रेंज फक्त पुढच्या खोलीतल्या खिडकीत यायची. फोन खिडकीत उभा केला. वडील फोनच्या मागं उभे. मी वाकले की ते छाती पुढं काढून खुणावायचे, ताठ बस! मी अडखळले की हात हलवायचे, पुढं बोल, पुढं बोल! मी त्यांच्याकडं बघायची आणि आणखी अडखळायची.

फोनमधल्या मॅडम पुण्याच्या. त्यांनी विचारलं, "सुवर्णा, तुमच्यासोबत आणखी कुणी आहे का?"

त्यांचा अर्थ होता, कुणी उत्तरं सांगतंय का? वडिलांना वाटलं आपल्याला बोलावलं. ते सरळ फोनसमोर आले. मला उठून थांबवताही येईना, पाय बांधलेले!

"नमस्कार मॅडम. मी सुवर्णाचा वडील. मला दोन-चार गोष्टी इचारायच्या हुत्या."

मॅडम चांगल्या होत्या, म्हणाल्या, "विचारा ना."

"तुमची कंपनी किती वर्सं झाली? मालक मूळचे कुठले? पोरी किती हायत कामाला? राहायची सोय काय? डबा मिळतो का न्हाय?"

मॅडम एकेकाचं उत्तर देत गेल्या. अगदी सावरून बसल्या होत्या.

"आन तुमी सोता तितं किती वर्सं हाय?"

"मी… तीन महिने झाले, काका."

"मंजे तुमी बी नवीनच की! तुमच्या आधी हुत्या त्या का सोडून गेल्या?"

मॅडमना ते माहीत नव्हतं. त्या इकडंतिकडं बघायला लागल्या. अभ्यासिकेतले काका त्या वेळी असते तर म्हणाले असते, साहेबाच्या डोळ्यात बघा!

वडिलांनी जरा विचार केला. मग म्हणाले, "बरं. घरात इचारतो आन आमी कळवतो तुमाला." आणि फोन बंद केला.

त्यांचा परत फोन आला नाही. आम्हीही कळवलं नाही. मी दोन दिवस रडले. वडील मात्र अजून चारचौघांत सांगतात, "पुण्याची कंपनी आपुनच नाकारली."

*

त्यानंतर पाच मुलाखती झाल्या आणि पाचही गेल्या. दिवाळी तोंडावर आली. सातवी होती होटगी रोडकडच्या एका खाजगी कंपनीत, अकाउंट असिस्टंटची.

माझा पहिलाच नंबर होता. आत गेले तर टेबलामागं तिघं. एक मॅनेजर, एक त्यांच्याच पुण्याच्या ऑफिसमधून आलेल्या मॅडम, त्या फोनवाल्या नव्हेत, आणि कडेला एक वयस्कर गृहस्थ, पांढरा शर्ट, खिशाला पेन. त्यांच्यासमोर चहाचा कप होता. ते तिघांत सगळ्यात शांत होते, म्हणून मी ताडलं, हेच मोठे साहेब.

मॅडम म्हणाल्या, "स्वतःबद्दल सांगा."

तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना. मी मॅडमकडं बघितलं, मॅनेजरकडं बघितलं. भुवया दिसेनात, काही दिसेना.

तेव्हा त्या गृहस्थांनी पाण्याचा ग्लास माझ्याकडं सरकवला.

"घाई नाही," ते म्हणाले. "आज घरातनं निघाल्यापासून काय काय झालं, तेवढंच सांग."

मी सांगितलं. मोहोळहून येणारी एसटी चुकली, दुसरीत उभं राहून आले, स्टँडवर चपलेचा अंगठा तुटला, मग फळवाल्या मावशींनी त्यांच्या पदराची पिन काढून लावून दिली. मॅडम हसल्या. मॅनेजर वाकून माझ्या चपलेकडं बघायला लागले. आणि मला कळलं, की मी बोलतेय, आणि आवाज माझाच आहे.

मग सगळं सरळ झालं. जे येत होतं ते सांगितलं. जीएसटी रिटर्नचं एक विचारलं, ते येत नव्हतं. मी म्हटलं, "नाही येत. शिकवलं तर महिन्याभरात येईल."

शेवटी मॅनेजरनी त्या गृहस्थांकडं बघितलं. "सर?"

"चालेल की," ते म्हणाले. मॅडमनी मान हलवली. मॅनेजरनी कागदावर टिक केली. चार दिवसांनी पत्र आलं.

रुजू झाले त्या दिवशी पेढे घेऊन गेले. मॅनेजरना दिले आणि विचारलं, "सर, ते मोठे साहेब कुठं बसतात? त्यांनाही द्यायचेत."

"कोणते मोठे साहेब?"

"मुलाखतीला होते ते. पांढरा शर्ट."

"ते होय! ते पुण्याचे. मॅडमबरोबर आले होते."

मी म्हटलं, निदान फोनवर आभार तरी मानू. मॅनेजरनी मॅडमना फोन लावला, स्पीकरवर. मॅडम म्हणाल्या, "माझ्याबरोबर? नाही हो, मी एकटीच आले होते. मला वाटलं ते तुमच्याकडचे सीनियर. तुम्हीच त्यांना सर म्हणत होता."

"मी सर म्हटलं, कारण तुम्ही त्यांना आधी चहा दिलात!"

"मी चहा दिला, कारण ते आधीच येऊन बसले होते!"

मग मॅडमनी विचारलं, "पहिल्या कँडिडेटनंतर ते उठून गेले ना? मला वाटलं, त्यांना दुसरी मीटिंग असेल."

मॅनेजर मला घेऊन गेटवर गेले. वॉचमनला म्हणाले, त्या दिवशीचं रजिस्टर काढ. त्यानं काढलं. पहिलं नाव माझं होतं. खाली बाकीचे उमेदवार. मध्ये कुणी नाही.

"पांढऱ्या शर्टातले एक वयस्कर गृहस्थ आत आले होते. त्यांचं नाव का लिहिलं नाही?" मॅनेजरनी विचारलं.

वॉचमननं आधी त्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"आता काय लिवायचं साहेब," तो म्हणाला. "ते ह्या मॅडमच्या मागनंच आत आले की. मला वाटलं, ह्यांचे मामा!"